काकूच्या वावराच्या मधोमध

सरकारने शेतीच्या डिजिटल धोरणाचा मसुदा काढला आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. देशाला आपली गरज आहे असं वाटण्याचे प्रसंग संगणकवाल्याच्या आयुष्यात फार नसतात. एरवी आमची आठवण प्रिंटरमध्ये कागद अडकला की होते. मी घाटंजीला घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करतो, म्हणजे गल्लीच्या मते काहीच करत नाही. तेव्हा आता दाखवूच, असं मी ठरवलं.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून शिकून बाहेर पडलेल्या आम्हा सहा इंजिनियरांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. एरवी त्यावर वाढदिवसाचे केक आणि क्रिकेट चालायचं. आता धोरण चालू झालं. पहिला आठवडा आमच्या लिखाणाला निवेदन म्हणावं की अभिप्राय, यात गेला. दुसरा आठवडा प्रस्तावनेत गेला. माहितीचं सार्वभौमत्व, पारदर्शकता, खुली प्रणाली असे शब्द आम्ही एकमेकांना ताटात लाडू वाढावेत तसे वाढत होतो. चाळीस पानं झाली. इतकं मराठी आम्ही दहावीनंतर कोणी लिहिलं नव्हतं.

असाच एका दुपारी लिहीत बसलो होतो, तर शेजारची काकू आली. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. काकांची कंबर धरल्यापासून वावर तीच एकटी पाहते. ती खुर्चीच्या मागे उभी राहून पडद्याकडे बघत म्हणाली, "काय लिवून राह्यला रे बापू?"

"सरकारले सूचना देऊन राह्यलो, काकू. धोरण करून राह्यले ते."

"मंग माही बी एक लिव. माहा मोबाइल म्हणते, मी माह्या वावरात नाही."

ही भानगड अशी. पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची. आपल्या वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. तुम्ही खरंच तिथे आहात का, हे मोबाइल तपासतो आणि मगच फोटो घेतो. काकूच्या वावरात यंदा तूर होती. नोंदीत तूर दिसली नाही तर सरकारी खरेदी केंद्रावर तूर घेत नाहीत. आणि नोंदीची शेवटची तारीख जवळ आली होती.

"रेंज नसंल," मी म्हणालो. "मोकळ्या आभाळाखाली जाऊन पाहा."

"वावरात काय छत घातलं काय मी?"

मी हसलो आणि तिची सूचना सदतिसाव्या पानावर टाकली. तिचा मोबाइल मात्र मी हातातही घेतला नाही. हातात चाळीस पानांचं धोरण असताना कोण एका मोबाइलकडे पाहतो?

संध्याकाळी ग्रुपवर एकाने लिहिलं की हा अंमलबजावणीचा तपशील आहे, धोरणाचा मुद्दा नाही, यामुळे आपल्या लेखनाची उंची कमी होते. बाकीच्यांनी अंगठे दाखवले. मलाही ते पटलं. ती ओळ मीच खोडली.

ती चाळीस पानं पाठवली आणि पंधरा दिवसांत यवतमाळहून बोलावणं आलं. सुनावणी होती, तज्ज्ञ म्हणून पाच मिनिटं बोलायचं होतं. बाकीचे पाच जण कामात होते, म्हणून एकटा मीच गेलो. काकूलाही यवतमाळला काम होतं, ती माझ्यासोबत एसटीत बसली. काम काय, ते तिने सांगितलं नाही. मी इस्त्रीचा शर्ट सांभाळत होतो, म्हणून मीही विचारलं नाही.

सभागृहात माझी पाच मिनिटं छान झाली. सार्वभौमत्व झालं, पारदर्शकता झाली. अध्यक्षस्थानी एक मोठे साहेब होते. त्यांनी मान डोलावली आणि "नोंद घेतली आहे" म्हणाले. मी खाली बसलो तर मागच्या रांगेत काकू उभी.

"साहेब, मी रोज माह्या वावरात जातो. निंदण करतो, फवारा मारतो. मोबाइल म्हणते, तू तिथं नाहीच. मंग मी कुठी असतो, तेवढं सांगा."

लोक हसले. साहेब हसले नाहीत, हे त्यांचं श्रेय. त्यांनी ॲप बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला काकूचा गट नंबर टाकायला सांगितलं. पडद्यावर तिच्या वावराचा नकाशा आला. आमच्याकडचा नाला तिथे असा वळतो की काकूचं वावर विळ्यासारखं वाकडं झालं आहे. विळ्याच्या पोकळीत शेजाऱ्याची जमीन, आणि तिथे शेजाऱ्याची विहीर. त्या विहिरीवर एक लाल ठिपका होता.

"हा शेताचा मध्यबिंदू," कंपनीचा माणूस म्हणाला. "शेतकरी याच्या आसपास उभा असला तरच फोटो घेतला जातो. नाहीतर ही सूचना येते." त्याने सूचना दाखवली: 'आपण आपल्या शेतात नाही आहात. कृपया आपल्या शेतात जावे. धन्यवाद.'

ते 'धन्यवाद' मी लगेच ओळखलं. ते माझं होतं.

पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत, कुठल्याशा नकाशाच्या कामात, मला एक बारकं काम दिलं होतं. शेताचे कोपरे दिले की त्याचा मधला बिंदू काढायचा आणि माणूस त्याच्या जवळ आहे की नाही ते सांगायचं. एका दुपारीत संपवलं. शेवटी 'धन्यवाद' घालावं यासाठी तिथल्या साहेबाशी वाद घातला होता, कारण शेतकऱ्याशी अदबीने बोलावं असं माझं मत होतं. तपासून पाहायला मी दहा शेतं काढली. दहाही चौकोनी. घाटंजीचा माणूस मी. कुठे धुऱ्याचा बांध तिरपा, कुठे नाला आत घुसलेला, भावांच्या वाटण्यांनी तुकडे पडलेले. चौकोनी वावर मी जन्मात एक पाहिलं नव्हतं. पण संगणकासमोर बसलो आणि गाव विसरलो. मध्यबिंदू शेताच्या बाहेरही पडू शकतो, हे मला सुचलंच नाही. ते काम पुढे हातोहात विकत फिरलं असणार आणि फिरत फिरत काकूच्या मोबाइलवर येऊन बसलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही या क्षेत्रातले तज्ज्ञ. तुमचं काय मत?"

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, ही चूक माझी आहे आणि दुरुस्ती अर्ध्या दिवसाची आहे. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी घसा खाकरून म्हणालो, "विषय गुंतागुंतीचा आहे. याच्या अभ्यासासाठी एक समिती नेमावी."

सूचना जागच्या जागी मान्य झाली. चाळीस पानांतलं काय मान्य झालं ते मला आजवर कळलेलं नाही, पण समिती झाली. मी तिचा सदस्य आहे. पहिली बैठक अजून ठरायची आहे.

परतताना एसटीत काकू खिडकीशी बसली होती. मला तिच्या शेजारी बसवेना. अर्धा रस्ता गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. मधला ठिपका, चौकोनी शेतं, सदतिसाव्या पानावरची खोडलेली ओळ, सगळं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं, द्याव्यात असंही वाटत होतं.

ती म्हणाली, "दुसऱ्या कोनी केलं असतं तं म्या म्हटलं असतं, त्याले आपलं वावर काय माहीत. तुले तं माहीत होतं ना बापू. त्याच नाल्यात पडलता तू लहानपनी. म्याच काढलं तुले."

नोंदीला चार दिवस उरले होते आणि ते समितीसाठी थांबणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूने मला वावरात नेलं. तुरीच्या चार मोठ्या फांद्या विळ्याने कापल्या आणि नाला ओलांडून थेट शेजाऱ्याच्या विहिरीकडे निघाली. शेजारी म्हणजे गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारे चाचा. ते कपाशीच्या पऱ्हाटीत उभे होते. काकूने त्यांना थोडक्यात सांगितलं की सरकारच्या मते माझं वावर तुमच्या विहिरीवर आहे.

"आओ भाभी, आओ," चाचा म्हणाले. "तुमचंच वावर समजा. फक्त जपून, कठडा पडेल हाय."

मोबाइल माझ्या हातात होता. मागे चाचांची पऱ्हाटी दिसू नये म्हणून काकूने फांद्या दोन्ही हातांनी तोंडापुढे धरल्या. पडद्यावर नुसती तूर दिसत होती, आणि फांद्या धरलेली तिची बोटं. मी बटण दाबलं. हिरवी खूण आली, खाली ओळ आली.

"काय म्हणते रे?" फांद्यांच्या मागून काकूने विचारलं.

चाचाही जवळ आले होते. मग मला ते मोठ्याने वाचावं लागलं.

"आपण आपल्या शेतात आहात. धन्यवाद."