न बोलणारी चौकट

डोळे गेल्यावर दादा पहिले काही महिने फारसं बोलायचाच नाही. चिखलीत आमच्या खोलीच्या खालीच लेथची दुकानं आहेत. सकाळी शटर वर गेलं की तो आवाज ओळखून सांगायचा, "ग्राइंडर लावला. आता कटर लावलाय." बस, तेवढंच. मग दिवसभर भिंतीकडे तोंड.

तो प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा द्यायच्या, एका वर्कशॉपमध्ये होता. टाकी भरताना कॉस्टिक सोड्याचं जळजळीत पाणी तोंडावर उडालं. ऑपरेशनं झाली, पण शेवटी उजेड आहे की नाही एवढंच कळण्यापुरती नजर उरली. ठरलेलं लग्न मोडलं. आई मूळची धाराशिवकडची, इतकी वर्षं इथं राहूनही तिची बोली बदललेली नाही. ती रोज मला दाराबाहेर गाठून विचारायची, "कसं व्हायलंय गं ह्याचं? काही तरी बघ की बाई."

पुढे पिंपरीतल्या एका संस्थेत तो बोलणारा फोन वापरायला शिकला. बोट जिथे ठेवावं तिथे काय आहे ते फोन वाचून दाखवतो. दादाने त्या आवाजाचा वेग इतका वाढवला की आम्हाला नुसती किरकिर ऐकू यायची, आणि तो मात्र बातम्या ऐकून आम्हालाच सांगायचा. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

अशात चाकणच्या एका कंपनीची जाहिरात आली. ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून नोंदवायच्या, आणि काही जागा अपंगांसाठी राखीव. अर्ज फक्त ऑनलाइन. ते पोर्टल आमच्याच ऑफिसने केलेलं होतं.

मी रहाटणीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही वेबसाइटवरचे फॉर्म बनवतो. प्रत्येक फॉर्म नव्याने लिहीत नाही. नावाची चौकट, तारखेचं कॅलेंडर, जिल्ह्यांची यादी, फाइल जोडायचं बटन असे कंपोनंट एकदाच करून ठेवलेले असतात. तेच उचलायचे आणि हव्या त्या फॉर्ममध्ये बसवायचे. आमचा हा संच मी येण्याआधीच कुणीतरी करून गेलं होतं. दिसायला अतिशय देखणा. ग्राहक पाहताक्षणी खूश व्हायचे.

रविवारी जेवणं झाल्यावर दादा अर्ज भरायला बसला. आई पंख्याखाली त्याच्याजवळ बसली. त्याने बोट फिरवलं.

"बटन," फोन म्हणाला. "बटन. चौकट. चौकट. बटन."

"कसली चौकट?" दादाने मला विचारलं.

"ही नावाची. खालची मोबाइल नंबरची."

"मग हा तसं सांगत का नाही?"

चौकटीच्या वर 'संपूर्ण नाव' असं सुबक अक्षरांत दिसत होतं, पण ती अक्षरं आणि ती चौकट एकमेकांना जोडलेलीच नव्हती. कॅलेंडरच्या प्रत्येक तारखेला फोन नुसतं 'बटन' म्हणत होता. जिल्ह्यांची यादी तर त्याच्या लेखी पानावर नव्हतीच. दादा पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिला. मग त्याने फोन पालथा ठेवला.

"माझंच काही चुकत असेल," तो म्हणाला. मला ते ऐकवेना.

सोमवारी मी आमच्या टीमच्या सरांना गाठलं. दुरुस्ती मी करते म्हटलं. ते म्हणाले, "कंपोनंटला आत्ता हात लावायचा नाही. एक बदललं की सगळ्या ग्राहकांचे फॉर्म बदलतात. सगळं पुन्हा तपासायला माणसं कुठून आणू?"

"सर, माझा भाऊ आहे. शुक्रवारी मुदत संपते."

ते वाईट नव्हते. खाली मान घालून म्हणाले, "मग तू भर ना त्याचा अर्ज. पाच मिनिटांचं काम आहे."

मी तरीही डबा बाजूला ठेवून दुपारच्या सुट्टीत दुरुस्ती लिहीत राहिले. चौकटींना नावं जोडली, यादी बोटाखाली आणली. माझ्या मशीनवर सगळं बोलत होतं. पण ते पोर्टलवर चढवायची परवानगी माझ्याकडे नव्हती. सरांना दाखवलं, विनवलं, शेवटी मी त्यांच्यासमोर रडलेसुद्धा. "पुढच्या रिलीजला, नवी आवृत्ती चढेल तेव्हा घेऊ," एवढंच ते म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी दादा म्हणाला, "जाऊ दे. जिथला अर्ज मला भरता येत नाही, तिथलं काम मला कसं येणार?" आईने त्याचा हात धरला. "भरू दे तिला. माझ्यासाठी." शेवटी तो एकेक उत्तर सांगत गेला आणि मी भरत गेले.

बोलावणं आलं. आईने त्याचा शर्ट इस्त्रीवाल्याकडून आणला. मी सुट्टी घेऊन त्याला चाकणला घेऊन गेले. मुलाखत छान झाली, त्याचं बोलणं सगळ्यांना आवडलं. मग तिथल्या बाई म्हणाल्या, "आता फक्त एक तक्रार नोंदवून दाखवा." समोरच्या संगणकात बोलणारा आवाज सुरू करून दिलेला होता. मी काचेबाहेर उभी होते. पडद्यावर तक्रारीचा फॉर्म उघडला. त्याच चौकटी, तेच कॅलेंडर.

दादा कानाला हेडफोन लावून कीबोर्डची बटनं दाबत राहिला. पाठ ताठ होती. त्याने पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. मग आणखी एकदा. मी दार ढकलून आत गेले. "मॅडम, दोष फॉर्मचा आहे. आमच्याच ऑफिसने केलाय तो. मी दुरुस्त केलाय, फक्त..." त्या अवघडल्या. "पण ताई, आमचं काम ह्याच फॉर्मवर चालतं."

दादाने हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवले. "चल," म्हणाला. परतीच्या बसमध्ये भोसरी आल्यावर तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "आईला सांग, जागा भरल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलावर फोन ठेवला, आवाज सुरू केला आणि म्हटलं, "डोळे मिटा आणि जन्मतारीख भरा." त्यांनी खरंच डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले आणि तपासणीची यादी करायला घेतली. पुढच्या रिलीजमध्ये माझे कंपोनंट सगळ्या फॉर्ममध्ये गेले, त्या कंपनीच्याही. मी त्या बाईंना फोन केला. तोवर जागा खरोखरच भरल्या होत्या.

फॉर्म दुरुस्त झाल्याचं मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं." त्यात टोमणा नव्हता, तेच मला सोसेना.

अजून त्याला काम नाही. मी अर्ज शोधून त्याला पाठवते. काही बोलतात, बरेच बोलत नाहीत. कालही तो एका बँकेतल्या नोकरीचा फॉर्म उघडून बसला होता. आई भाजी निवडत होती, पण तिचा कान फोनकडेच. आवाज इतका वेगात की आम्हा दोघींना एक शब्द कळत नव्हता. आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो.