आईच्या गावाची पिन

सुट्टीत माणसं आंबे खातात, लोळतात, वजन वाढवून परत जातात. मी गेले दोन उन्हाळे उमरग्याला माहेरी जाऊन नकाशाच्या ॲपशी भांडतेय.

सुरुवात भाचीमुळे झाली. माझ्या भावाची ही मुलगी तेव्हा चौथीत होती. सुट्टीच्या अभ्यासात तिला आजीच्या गावावर दहा ओळी लिहायच्या होत्या. आई खूश झाली आणि भुईमुगाच्या शेंगा बाजूला सारून सांगायला बसली. काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, त्याच्यासमोर नंदी, नंदीच्या पाठीमागून पायऱ्या उतरल्या की खाली तेरणा नदी. भाचीनं दोन ओळी लिहिल्या आणि मोबाइलवर गाव शोधलं. ते सापडलं माकणी धरणाच्या बाजूला, डांबरी रस्त्यालगतच्या नव्या वस्तीवर. धरणात आईचं गाव बुडालं तेव्हा लोक गावाचं नावही बरोबर घेऊन वर आले होते.

"हे न्हाय," आई म्हणाली. "ह्याच्या खाली बग."

भाचीनं नकाशा सरकवला. सगळं निळं.

"आजी, इथं तर नुसतं पाणी आहे. इथं गाव नव्हतंच. तू उगीच सांगतेस."

आईनं शेंगांचं सूप पुढं ओढलं आणि शेंगा फोडायला लागली. सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या घरात खोटं पाडलं गेलं होतं, तेही एका फोनच्या भरवशावर. मला ते फार झोंबलं. "थांब आई, तुझं गाव नकाशावर आणते," असं मी बोलून बसले. तोंड आवरत नाही, हा माझा जुना दोष.

दुसऱ्या दिवशी मामाकडं गेले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, नव्या वस्तीत राहतो. निघताना आईनं एक काम सांगितलं. "नंदीच्या कानात सांग, माझे गुडघे गेलेत म्हणून म्या आली न्हाय."

मे महिना होता, पाणी बरंच मागं हटलं होतं. मामानं मोटारसायकल गाळाच्या काठापर्यंत नेली, पुढं चालत. भेगाळलेल्या काळ्या मातीत लोकांनी टरबुजं लावली होती. त्यांच्या पलीकडं देऊळ उभं होतं. शिखर नाही, दगडाला शेवाळ वाळून चिकटलेलं, कोपऱ्यात शिंपले. गाभाऱ्यात पिंडीच्या जागी नुसता चौकोनी खड्डा. गाव उठलं तेव्हा रीतसर पूजा करून पिंड वर नेली आणि नव्या देवळात बसवली. नंदी मात्र कुणाच्यानं हलला नाही, म्हणून तो तिथंच राहिला. वर त्याच्याऐवजी सिमेंटचा केलाय. जुना नंदी अजून त्या रिकाम्या खड्ड्याकडं तोंड करून बसलाय. मी त्याच्या कानाशी वाकून आईचा निरोप सांगितला. मामा बघत होता म्हणून मला जरा लाजही वाटली.

मग दहा फोटो काढले, ॲपच्या नकाशावर त्या जागी खुणेची पिन टाकली, माहिती भरली. इथून माझी परवड सुरू झाली.

ॲपनं विचारलं, उघडण्याची वेळ काय? सोमवार, मंगळवार, बुधवार असे रकाने. पाणी उतरलं की उघडतं आणि धरण भरलं की बंद होतं, असं लिहायला जागाच नाही. मी रकाने मोकळे सोडले. चार दिवसांनी उत्तर आलं, हे ठिकाण पाण्यात आहे, पिन योग्य जागी सरकवा. मी पिन काठावर सरकवली. उत्तर आलं, इथं असं काही आढळत नाही. कसं आढळेल, मीच तर ते तिथून हलवलं होतं! पुन्हा मूळ जागी टाकली. आता उत्तर आलं की या गावाचं महादेव मंदिर आधीच नकाशावर आहे. म्हणजे नवं, सिमेंटच्या नंदीचं. तक्रार करावी तर पलीकडं माणूस नाही. 'तुमच्या योगदानाबद्दल आभार' एवढं एकच वाक्य दरवेळी. ते आभार वाचून माझं डोकं असं फिरायचं की भाऊ म्हणायचा, फोन आपटू नकोस, हप्ते अजून चालू आहेत.

भाचीला मी फोटो दाखवले होते. ती शांतपणे म्हणाली, "हे कुठलंही देऊळ असू शकतं, आत्या. नकाशात कुठंय?" तिच्या वहीत त्या दहा ओळींच्या दोनच राहिल्या. पुण्याला परतले ती या हट्टानं की पुढच्या सुट्टीत हे तडीस न्यायचंच.

यंदा गेले ती तयारीनं. 'जुने महादेव मंदिर, मूळ गावठाण' असं नाव दिलं, फोटो नव्यानं काढले. मामाच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या फोनमध्ये ते ॲप घातलं. आसपासच्या माणसांनी दुजोरा दिला तर मान्यता मिळते, असं कुठंतरी वाचलं होतं. सगळ्यांना नव्या देवळाच्या सभामंडपात बसवून समजावलं. "ॲप काही विचारेल. घाबरू नका. फक्त खरं काय ते सांगा."

पाचव्या दिवशी पिन आली! निळ्या पाण्यात छोटंसं देऊळ. आई शेजारच्या गिरणीत दळणाला गेली होती आणि भाची मैत्रिणीकडं. म्हटलं, दोघींना संध्याकाळी एकत्र दाखवू. दोन तासांनी चहा घेऊन पुन्हा उघडलं, तर देवळाच्या नावाखाली लाल अक्षरं होती, 'कायमचे बंद'.

मी मामाला फोन लावला आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं.

"व्हय, आमीच केलं," मामा खुशीत म्हणाला. "त्यानं इचारलं, हे ठिकाण सुरू हाय का? अकरा जणांकडून भरून घेतलं म्या."

"अहो मामा, बंद कशाला लिहिलंत?"

"मग काय लिवायचं? पुजारी म्हणले, तिथं देव हाय का? न्हाय. पूजा व्हते का? न्हाय. आपणच देवाला विनवून तिथनं उठवलं. आता देवळात बसून खोटं लिवायचं व्हय?"

"मामा, दोन सुट्ट्या घालवल्या मी यात! तुम्ही अकरा जणांनी मिळून एका दुपारीत घालवलंत सगळं!"

मामा म्हणाला, "तूच म्हणली ना, खरं काय ते सांगा."

मी फोन ठेवला. त्याच्यावर ओरडले याची लाज वाटत होती, आणि तरीही त्याच्यावरचा राग जात नव्हता. ॲपवरचा तर नव्हताच. वर्षभर देऊळ नव्हतंच म्हणणारं हे यंत्र, ते बंद असल्याचं मात्र दोन तासांत मान्य करतं!

आई दळण घेऊन आली. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं?" लपवण्यात अर्थ नव्हता, मी फोन पुढं केला. तिनं चष्मा लावला. पिठाचं बोट पदराला पुसून पडद्यावर ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. देवळाचं नाव वाचलं, गावठाण वाचलं, मग लाल अक्षरं. मी म्हणाले, "आई, राहू दे. मी पुन्हा तक्रार करते."

"कशाची तक्रार?"

तेवढ्यात भाची आली. आईनं तिला हाताला धरून जवळ बसवलं आणि फोन तिच्यापुढं धरला.

"वाच."

"कायमचे बंद," भाचीनं वाचलं.

"जे नव्हतंच, ते बंद कसं व्हईल गं?"

भाची उठली, आत जाऊन गेल्या वर्षीची वही शोधून घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, नंदीच्या मागं किती पायऱ्या होत्या?"