डावा हात वर

माझ्या नवऱ्याची अशी समजूत होती की बायकोचं आपल्याला सगळं ठाऊक आहे. बिचारा त्याच समजुतीत गेला. मुलीला कधी सांगितलं नाही, बहिणीला नाही. देवापुढे बसतानासुद्धा ही एक गोष्ट मी चपलांसारखी उंबऱ्याबाहेरच काढून ठेवत आले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दुसरं काही कारण शोधू नका.

मी गणिताची बाई. राहायला गिरगावात, शाळा परळला, वर्ग पाचवी ते सातवी. आणि मी चांगली शिकवत असे. ही बढाई नाही हो – तेच तर दुखणं आहे. एखाद्या पाट्या टाकणाऱ्या मास्तरणीच्या हातून हे झालं असतं तर त्यात नवल ते काय?

माझी एक रीत होती. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. उजव्या बाजूला आजची नवी गोष्ट – एकच, आणि तीही एवढीशी, की पोरांना नवं काही शिकलो असं वाटूच नये. डाव्या बाजूला उजळणी. कालचं एक गणित, गेल्या आठवड्यातलं एक, दिवाळीच्या आधीचं एखादं. रोज थोडं पुढे, रोज थोडं मागे. मागची पायरी पक्की नसेल तर पुढच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, हा माझा नियम. ज्याला येत नाही त्याने मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी यायचं, आणि मी त्याच्यासाठी लागतील तेवढ्या पायऱ्या खाली उतरायची. छडी मी कधी हातात धरली नाही. पोरं मागून मला पायरीबाई म्हणत. मला माहीत होतं, आणि मेलं, आवडायचंही.

सांगते, सांगते. जरा दमाने घेते.

ते दिवस चळवळीचे होते. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे मधल्या सुट्टीत पोरं पकडापकडी खेळताना ओरडत. आज हरताळ, उद्या मोर्चा, लालबागला पोलिसांच्या गाड्या उभ्या, की शाळा बंद. पुन्हा उघडायची, पुन्हा बंद. त्या चळवळीवर ढकलून मोकळी होऊ का? सोपं आहे. पण शिवाजी पार्कच्या सभेला मीही गेले होते, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. शाळा बंद पडली म्हणून वर्ग मागे पडला, एवढंच खरं. मागे पडलेल्या वर्गाचं काय करायचं, हे माझ्या हातात होतं. माझी तर सगळी विद्याच मागे पडलेल्यांसाठी होती ना?

आणि नेमकं त्याच वेळी हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं – तपासणीला मोठे साहेब येतायत, तुमच्या पायऱ्यांबद्दल त्यांच्या कानावर गेलंय, बरं वाटलं तर दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांनाही इथे पाठवणार आहेत. झालं! माझे पाय जमिनीवर राहिनात. आरशासमोर उभं राहून मी त्या शिक्षकांपुढे करायचं भाषणसुद्धा म्हणून पाहिलं. लाज वाटते सांगायला.

साहेबांना सातवीचा वर्ग वेळापत्रकाप्रमाणे दाखवायचा होता. म्हणून मी काय केलं? फळ्यावरची डावी बाजू पुसून टाकली. उजळणी बंद. नव्या पायऱ्या दिवसाला दोन-दोन, तीन-तीन. मधल्या सुट्टीत टेबलाशी पोरं आली तर – उद्या ये. पायरीबाई जिना सोडून धावत सुटल्या. अर्धा वर्ग खालीच राहिला, आणि तो राहिलाय हे मला दिसत होतं.

त्यात मथुरा होती.

मथुरा गिरणीमागच्या चाळीतली. आदल्या वर्षी त्या चाळीने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. बाप गिरणीत, आई गिरणीत, पाठीवर तीन भावंडं. हुशार म्हणजे कशी? मी गणित बोलून संपवायच्या आत हिचे ओठ हलायला लागत. बाईंसारखी बाई होणार, असं सगळ्यांना सांगे. एका मोर्चात बापाच्या गुडघ्यावर लाठी बसली. तो इस्पितळात, आईला गिरणीतली पाळी चुकवायची सोय नाही, म्हणून पोर पंधरवडाभर शाळेत आली नाही. आणि त्या पंधरवड्यात मी व्यस्त त्रैराशिक उरकून टाकलं होतं.

तुम्ही विसरला असाल, सांगते. साधं त्रैराशिक म्हणजे कापड जास्त तर किंमत जास्त. व्यस्त म्हणजे उलटं – माणसं जास्त तर दिवस कमी. एवढीच पायरी. मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं. मथुरेला पाचच पुरली असती.

परत आली त्याच दिवशी टेबलाशी उभी राहिली. म्हणाली, "बाई, माझी मधली पायरी राहिली." मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी आली, मी पुन्हा उद्या म्हटलं. मग ती टेबलाशी यायची थांबली. आणि मला – खरं सांगू? – बरं वाटलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी वर्गाला एक युक्ती शिकवली. जुनी आहे, मी काही शोधून काढली नाही. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. मी उजव्या हातालाच उठवीन. त्या काळचे साहेब किती हात वर आहेत ते बघत, कोणता हात आहे ते बघत नसत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरं खुसखुसली. मी पुढे म्हटलं, आणि डावा हात मला दिसला की मी लक्षात ठेवीन, नंतर तुमच्याकडे नक्की येईन. हे का म्हटलं? पोरांना फसवतोय असं वाटू नये म्हणून. पोरांना की मला?

सगळं बेताप्रमाणे चाललं होतं. साहेब खूश. प्रश्न, हातांचं रान, मी एक उजवा हात उठवायची, उत्तर बरोबर. हेडमास्तर कोट सारखा करत दाराशी उभे. मग साहेबांनी नवा प्रश्न घातला – बारा मजूर एक भिंत दहा दिवसांत बांधतात, तर वीस मजूर किती दिवसांत बांधतील? हात वर गेले. आणि साहेब म्हणाले, या वेळी मीच निवडतो. ती खिडकीजवळची मुलगी, तिचा हात सगळ्यांत ताठ आहे.

मथुरेचा हात ताठ होता. डावा. बाईंना नीट दिसावा, बाई नंतर येतील, म्हणून तिने तो खांद्यापासून ताणून धरला होता.

ती उठली. माझ्याकडे बघितलं. मग ओठ हलले, आणि म्हणाली, सोळा पूर्णांक दोन तृतीयांश दिवस.

वर्ग हसला. साहेबही हसले – वाहवा, मजूर वाढले आणि दिवसही वाढले, कुठले कंत्राटदार हे? पण तुम्ही करून बघा तो हिशेब. ही व्यस्ताची पायरी जिने पाहिलीच नाही, तिने साधं त्रैराशिक मांडून, पाटी न घेता, उभ्या उभ्या काढलेलं ते उत्तर होतं. त्या उत्तरात एकच गोष्ट चुकली होती, आणि ती माझी होती. त्या खोलीत हे फक्त मला कळलं.

साहेबांनी विचारलं, बाई, ही मुलगी सातवीत कशी? मी एवढंच म्हणायचं होतं – हिची एक पायरी राहिली आहे, ती शिकवायची माझ्याकडून राहिली आहे. एवढं वाक्य. माझ्या जिभेला हाड नव्हतं. मी म्हटलं, साहेब, ही शाळेत फारशी येतच नाही. घरी अभ्यासाचं वातावरण नाही. त्या गिरणीमागच्या नव्या बौद्धांच्या चाळीतली.

चाळीचं नाव मी घेतलं. कुणी विचारलं नव्हतं. मला ठाऊक होतं की ते उच्चारलं की पुढे कुणी काही विचारणार नाही, आणि कुणी विचारलंही नाही. साहेबांनी हं म्हटलं, मान डोलावली, पुढच्या बाकाकडे वळले. अन् मी घरात भेदाभेद पाळत नाही म्हणून गिरगावात किती मिरवलं होतं! मथुरा अजून उभीच होती. बस म्हणायला कुणाला सुचलं नाही.

शेरा चांगला मिळाला. जाताना साहेब हेडमास्तरांना सांगून गेले, की त्या मुलीला सहावीत बसवा.

दोन-चार दिवसांनी तिची आई आली. पाळी सुटल्यावर तशीच आलेली, केसांत कापसाची पुंजकी. मथुरेला घरी ठेवून आली होती. नवऱ्याचा गुडघा गेला होता, तो पुन्हा कामावर उभा राहणार नव्हता. पोरगी शिकून बाई झाली तरच घर तरणार, म्हणून त्या एका पोरीला शाळेत ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. आवाज न चढवता तिने विचारलं, "बाई, पोरीत काय कमी हाय?"

ही दुसरी संधी. साहेब नव्हते, हेडमास्तर नव्हते, दारात कुणी नव्हतं. मी म्हटलं, तिला गणित जमत नाही.

का? तिला खरं सांगितलं असतं तर ती जाऊन ओरडली असती का? नसती ओरडली. हात जोडले असते, शिकवा म्हणाली असती. मग मला शिकवावं लागलं असतं, आणि त्या पोरीसमोर रोज बसावं लागलं असतं. ते मला नको होतं.

आई म्हणाली, "तुमी सांगताय म्हंजी खरंच असंल. ऱ्हाईल मग घरी. पोरं सांबाळंल." मथुरा पुन्हा शाळेत आली नाही. फळ्यावरची डावी बाजू मी पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू केली. दुसऱ्या शाळांतले शिक्षक आले, पाहून गेले, माझं भाषण झालं, टाळ्या पडल्या.

खूप वर्षांनी, महाराष्ट्र होऊन जुनं झाल्यावर, लालबागच्या बाजारात कुणीतरी मागून बाई म्हणून हाक मारली. मी तिला ओळखलं नसतं. तिने मला ओळखलं. बरोबर परकर-पोलक्यातली मुलगी होती, सातवीतली. मथुरा तिला म्हणाली, "ह्या आमच्या बाई. काय शिकवायच्या! मलाच गणित जमत नव्हतं." मग मला म्हणाली, "हिचंबी तसंच बगा. आमच्या घरातच नाही ते."

ती हसत होती. मनात काही ठेवून बोलत नव्हती, बाईंनी सांगितलेलं तिने खरं मानलं होतं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मी काय म्हणते म्हणून. माझ्या हातात भाजीची पिशवी होती, घाई कसलीच नव्हती. मी त्या पोरीच्या गालाला हात लावला आणि म्हटलं, असू दे गं, सगळ्यांनाच जमतं असं नाही.

मथुरेने तिला माझ्या पाया पडायला सांगितलं. पोरगी वाकली, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.