नाकाड्याचं जड स्टेअरिंग

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही आमच्या तांड्यावरचे नाही म्हणून. कदाचित आता गप्प राहण्याचाच कंटाळा आला म्हणून.

आधी ट्रकविषयी सांगतो. त्याच्याविषयी बोलताना माझी जीभ अडत नाही.

शिरड शहापूरच्या बाजूला आमचा तांडा आहे. वडिलांनी लष्कराच्या लिलावातून एक लांब नाकाचा ट्रक आणला होता, तांडा त्याला नाकाड्या म्हणतो. कनेरगाव नाक्यावर धाब्यासमोर लावला की नव्या गाड्यांचे ड्रायव्हर आजही चहाचा ग्लास घेऊन त्याच्याभोवती फिरतात, बॉनेट उघडायला लावतात. उघडलं की वाकून बघतच राहतात. बाहेरून आजोबांच्या काळातली गाडी आणि आत नवं डिझेल इंजिन, नवा गिअरबॉक्स! ते मी केलं. कुठं शिकून नाही — मोजून, लिहून ठेवून, एकेक वस्तू शोधून आणून. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

पण गाडी चालवायचा माझा मोठा भाऊ, किसनदादा.

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. सगळ्यात पुढच्या बैलाबरोबर जो चालायचा त्याला मान असायचा. बैल गेले, ट्रक आला, आणि तो मान स्टेअरिंगमागे जाऊन बसला. लग्नाचं वऱ्हाड असो की जवळा बाजारला न्यायचा कापूस, लोक एवढंच विचारायचे, "किसन हाय ना गाडीवर?" आणि मी? टायर, तेल, ताडपत्री, दोर — सगळं जागच्या जागी आहे की नाही हे बघणारा. गाडी निघाली की मागे हौद्यात चढणारा.

नव्वदचं दशक सरता सरता जुनं पेट्रोल इंजिन कायमचं बसलं. त्याच हंगामात दादा कापसाच्या थप्पीवर दोर आवळताना खाली पडला. उजवा खांदा निखळला. बसवला, पण त्या हातातला जोर परत आला नाही. मी नवं इंजिन चढवायला घेतलं तेव्हा त्यानं एकच गोष्ट मागितली.

"बाबू, बाकी तुला काय करायचं ते कर. स्टेरिंग तेवढं हलकं बसव. ह्या हातानं फिरलं पाहिजे."

"व्हय दादा," मी म्हणालो.

आता मुद्द्यावर येतो. म्हणजे — येतोच आहे. थोडं लोखंडाचं सांगावं लागेल.

हातातल्या चक्रापासून खाली जो दांडा जातो त्याला गॅरेजात कॉलम म्हणतात. नवं इंजिन जुन्यापेक्षा रुंद होतं, त्यामुळे जुना कॉलम त्याला घासत होता. दुसरा निवडणं भाग होतं. हिंगोलीच्या मिस्त्रीनं दोन आणून ठेवले. एक भंगारातल्या बसचा, पॉवर स्टेअरिंगचा. इंजिनावर छोटा पंप बसवायचा, की तेलाच्या दाबानं चक्र बोटानं फिरतं. दुसरा एका अवजड ट्रकचा, सरळसोट, सगळा जोर खांद्यातून मागणारा. त्यात नव्या इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवर. म्हणजे तो जड होता त्याहून जड होणार. हे मला ठाऊक होतं.

मिस्त्री म्हणाला, "पावरवालाच टाकू. किसनभाऊला तकलीफ न्हाई."

"पंपाला जागा न्हाई," मी म्हणालो.

तो वाकून बघायला लागला. "काहून न्हाई? भाऊ, इथं माझं पोट बी बसंल!"

"पाइप तापतील. जडच बसवा."

"तुमची गाडी, तुमची मर्जी. मला काय?" आणि त्यानं पान्हा उचलला.

जागा होती. तो यायच्या आधी मी स्वतः मोजली होती. घरी येऊन दादाला मात्र तेच सांगितलं — पंपाला जागा नाही, हलकं बसतच नाही. त्यानं मान हलवली. माझ्या मोजमापावर तो कधी शंका घेत नसे.

तुम्हाला वाटेल, भावाच्या काळजीपोटी केलं असेल. रस्त्यावर काही होऊ नये म्हणून. नाही. त्याची नजर साफ होती, पाय पक्के होते, हलक्या स्टेअरिंगवर तो माझ्याहून चांगला चालवत राहिला असता. मला ती जागा हवी होती. बस, एवढंच. आणि मागायची हिंमत नव्हती. "दादा, एकदा मला चालवू दे" — एवढं म्हटलं असतं तर तो काय म्हणाला असता? कदाचित हसून उतरला असता. मी कधी विचारलंच नाही. लोखंडाकडून परस्पर काम करून घेतलं.

गाडी तयार झाली की पहिली फेरी औंढ्याला, नागनाथाच्या दर्शनाला. सगळा तांडा हौद्यात. दादाला फेटा बांधला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बायकांनी गाणं धरलं. तांड्यातून डांबरी रस्त्याला लागताना एक अवघड वळण आहे. दादानं चक्र ओढलं. अर्धं फिरलं. मी हौद्यातून उतरून पलीकडच्या बाजूला उभा राहिलो, त्यानं गाडी मागे घेतली, पुन्हा ओढलं. मागून कुणीतरी ओरडलं, "काय किसनभाऊ, नवं इंजिन आयकंना का?" लोक हसले. तिसऱ्यांदा ओढताना त्याच्या तोंडून आवाज निघाला आणि मागचं गाणं थांबलं. शेजारी बसलेली वहिनी खाली बघत राहिली.

त्यानं इंजिन बंद केलं. उतरला, त्या लांब नाकाला वळसा घालून माझ्यापाशी आला, स्वतःचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. मला तो सैल झाला.

"चढ बाबू. माझा हात गेला."

मी चढलो. ते वळण मी एका दमात काढलं. हौद्यातून शिट्टी वाजली. खरं सांगायचं म्हणून सांगतो — इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा झालेला नाही.

नंतर कित्येक दिवस दादा सकाळी विहिरीवर जाऊन त्या हातानं भरलेली बादली ओढायचा. हात पुन्हा तयार होईल म्हणून. दात आवळून ओढायचा. मी तिथून जाताना बघायचो. एक दिवस त्यानं ते सोडून दिलं, शेळ्या घेतल्या, आणि कुणी विचारलं की सांगायचा, "गाडी ठीक हाय, माझ्यातच दम न्हाई राहिला."

बऱ्याच वर्षांनी माझेच खांदे दुखायला लागले. तेव्हा मी पॉवर स्टेअरिंगचा कॉलम आणून बसवला. पंप आपल्या जागी सहज बसला. दादा शेळ्या घेऊन तिथून चालला होता. दाराशी थांबला, खिडकीतून तोच उजवा हात आत घातला आणि चक्र फिरवलं. पुढची चाकं मुकाट वळली.

"आता कसं काय बसलं रे?"

"आता पंप बारीक येऊन राहिलेत, दादा."

हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं. "लेकरू बी चालवंल हे," तो हसून म्हणाला. मी "चढ" म्हणालो नाही. तेव्हाही नाही. तो थोडा वेळ चक्र धरून उभा राहिला, मग शेळ्यांच्या मागे गेला.

मी उत्तम ड्रायव्हर आहे. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, माल कधी उशिरा पोचला नाही, आणि आता लोक "बाबू हाय ना गाडीवर?" असं विचारतात. ते ऐकलं की माझी मान ताठ होते. आजही होते. दादाला मी काही सांगितलेलं नाही, आणि उद्याच्या फेरीलाही मीच बसणार आहे.