पोह्यांच्या बैठकीतून उठून जाणं

आमची कंपनी मोटारींच्या दारांना लागणारी रबरं करून जर्मनीला पाठवायची. निर्यातीचे दर मी ठरवत असे. एकदा कंपनीने वकीलबाई बोलावल्या. त्यांनी दिवसभर एकच धडा घोटून घेतला: स्पर्धक कंपनीचा माणूस दरांबद्दल बोलू लागला, की ऐकत बसायचं नाही. दोन विक्रेत्यांनी पुण्यात चहा पिता पिता संगनमत केलं, तरी दंड युरोपात होतो. गप्प बसणाराही त्यात सामील धरला जातो. म्हणून उठायचं, आणि जन्मभर सगळ्यांच्या लक्षात राहील असं उठायचं. पुणेकराला याचं प्रशिक्षण कशाला लागतं, ते मला कळेना.

पुढे माझ्या मुलीने स्वतःच एक मुलगा पसंत केला. मुलगा लाखात एक. त्याचे वडील मात्र आमच्याच स्पर्धक कंपनीत विक्रीप्रमुख.

“आई, लग्नाचं बोल, रबराचं बोलू नकोस,” मुलीने बजावलं.

रविवारी मंडळी सदाशिव पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आली. पोहे झाले. मंगल कार्यालय ठरत आलं. तेवढ्यात मुलाचे वडील मोठ्या मायेने म्हणाले, “आता आपण घरचेच. खरं सांगू का, जर्मनीला पुढच्या वर्षी आम्ही दर जरा...”

मी ताडकन उठले. “मला हे मान्य नाही. मी उठून चालले आहे, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.” आणि दार आपटून जिन्यात आले.

जिन्यात आल्यावर डोक्यात उजेड पडला. माझ्या नवऱ्यासकट आत कुणालाच या धड्याची कल्पना नव्हती. मुलीचं जमलेलं लग्न मी एका वाक्यात मोडलं होतं.

दार उघडून मुलाचे वडील अनवाणीच बाहेर आले. “अहो, काय चुकलं आमचं? कार्यालय बदलू या का?”

“तुम्ही दरांचा विषय काढलात.”

त्यांचा चेहरा उतरला. “आम्हालाही शिकवलंय हो. पण ते हॉटेलातल्या बैठकांसाठी असेल असं वाटलं. पोह्यांच्या वेळी कोण...”

“पोह्यांच्या वेळीच माणूस बोलून जातो.”

त्यांना पटलं. आता दोघांनी एकत्र उभं राहणंही बरं दिसत नाही, म्हणून ते अर्धा जिना उतरून खाली थांबले. कायदा इतक्या मनापासून पाळणारा माणूस व्याही म्हणून मला फार आवडला.

जरा वेळाने आम्ही आत गेलो. तोवर मुलीने आणि त्या मुलाने आपसांत सगळं ठरवून टाकलं होतं: नोंदणी पद्धतीने लग्न, कार्यालय रद्द, मानपान बंद. आम्हाला फक्त कळवण्यात आलं. वकीलबाईंनी ज्याच्याविरुद्ध अख्खा दिवस घालवला, ते संगनमत हेच. नियमाने मी पुन्हा उठून जायला हवं होतं.

“आई, आता बस,” मुलगी म्हणाली.

मी बसले.