वीतभर अरुंद पाळणा

तिला सगळे टाचणी म्हणतात. काम करताना तोंडात टाचण्या धरायची तिला सवय, आणि टाचण्या काढल्या की जीभही तशीच. नवरा सुतार. तो सोफ्याची, खुर्चीची चौकट करतो. ती फोम कापते, कापड चढवते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या.

लग्नाआधी याच दुकानात, कापड न चढवलेल्या एका सोफ्यावर बसून तिने त्याला सांगितलं होतं, "मला मूल नको. आज नको आणि पुढेही नको. पटत असेल तरच पुढचं बोलू." त्याला पटलं होतं. निदान तसं तो म्हणाला होता.

पुढे सासूबाई विचारू लागल्या. आधी आडून, मग तोंडावर.

"डॉक्टरकडे जाऊन आलीस का गं?"

"आले ना. सर्दी झाली होती तेव्हा."

सुतार तेव्हा फिदीफिदी हसायचा. हळूहळू त्याचं हसणं बंद झालं. बहिणीची मुलं घरी आली की तो त्यांच्यासाठी लाकडाचे घोडे करत बसायचा. टाचणीला ते दिसत होतं.

मग त्याने एक पाळणा करायला घेतला. चांगलं लाकूड. कोपरे गोल. कठड्याची काठी न् काठी घासून लोण्यासारखी केलेली.

"कुणाचा रे?"

"आहे एक गिऱ्हाईक. गादी तेवढी करून दे."

तिने टेप लावला. लांबी ठीक होती. रुंदीला पाळणा नेहमीपेक्षा वीतभर कमी.

"गिऱ्हाइकाने माप चुकीचं दिलंय."

"बरोबर आहे. त्यांच्याकडे जागाच तेवढी आहे."

टाचणी थांबली. तेवढीच जागा तिने मागे स्वतः मोजली होती, शिलाई मशीन आत बसेल का म्हणून. त्यांच्याच खोलीत, पलंग आणि कपाट यांच्यामध्ये. सुताराने खोटं गिऱ्हाईक उभं केलं खरं, पण खोट्या मापाचं लाकूड कापणं त्याच्या हाताला जमलं नव्हतं.

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"हा आपल्या खोलीत बसतो."

"बसतो," तो म्हणाला.

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. वाटलं, समोर दिसला तर तुझं मन वळेल."

"काम झकास झालंय. विकला जाईल."

"मी बाप व्हायचं म्हणतोय गं. स्टूल मागत नाहीये."

"कळतंय मला. तुझं मन बदललं, बदलू दे. माझं नाही बदललं. पोट माझं आहे, तिथे तुझी हौस चालणार नाही."

"आईला काय सांगू?"

"खरं सांग. बायकोला मूल नको आहे. जीभ वळत नसेल तर मी सांगते."

सासूबाई आतल्या दारात येऊन उभ्याच होत्या. "म्हातारपणी कोण बघेल तुला?"

"तुमच्या गुडघ्याला रोज तेल कोण लावतं, सासूबाई?"

"तूच की."

"मी काय तुमच्या पोटची आहे?"

"तोंडाला लागू नकोस," असं म्हणून त्या आत गेल्या. 

टाचणी नवऱ्याकडे वळली. आवाज बारीक झाला होता, पण कापत नव्हता. "तुला मूल हवंच असेल तर जा. मी रडेन, पण अडवणार नाही. माझं मन वळेल म्हणून मात्र थांबू नकोस. तुझी वर्षं वाया जातील आणि खापर माझ्या डोक्यावर फुटेल."

सुतार पाळण्याच्या कठड्यावरून हात फिरवत राहिला. मग आत गेला, पिशवीत चार कपडे भरले. "ताईकडे जाऊन येतो. विचार करायचाय मला."

"कर."

तो गेला. तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि पाळणा उचलून दुकानाच्या पायरीवर नेला. खडूने 'विकणे आहे' लिहिलेली पाटी त्याला अडकवली.

तेवढ्यात एकजण पाय मोडलेली खुर्ची घेऊन आला. "सुतार नाहीत का?"

"नाहीत. परत येतील की नाही, सांगता येत नाही," टाचणी म्हणाली. "पाय दुसऱ्याकडून बसवून घेते. कापड मी चढवते. ठेवा खुर्ची, आणि रंग कोणता हवा ते बोला."