बाबा का थांबले

वर्गात तिला सगळे शंकाबाई म्हणत. रासायनिक रिअॅक्टरच्या रचनेचा तास, पदव्युत्तर वर्ग, आणि मॅडमनी खडू खाली ठेवायचा अवकाश, की हिचा हात वर. "माझं वाक्य संपायच्या आत हिची शंका जन्माला येते," मॅडम हसून म्हणायच्या.

त्या दिवशी मात्र तिचा हात वर गेला नाही. फळ्यावर दोन रेघा होत्या. एक, रिअॅक्टरच्या भांड्यातल्या क्रियेतून निघणाऱ्या उष्णतेची. दुसरी, भोवतीचं थंड पाणी वाहून नेतं त्या उष्णतेची. "तापमान वाढलं की पाणी थोडी जास्त उष्णता ओढून नेतं," मॅडम सांगत होत्या, "पण क्रिया झेपा घेत वाढते. एकदा तिनं पाण्याला मागे टाकलं, की आवरणं कुणाच्या हातात राहत नाही."

शंकाबाई उठून बाहेर गेली आणि जिन्यात बसून राहिली.

तिचे बाबा रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. ती शाळेत असताना त्यांच्या रिअॅक्टरमधलं तापमान असंच हाताबाहेर गेलं आणि झाकण उडालं. बाबांचा एक कान गेला. त्यांचा कामावरचा जोडीदार जिवानिशी गेला. चौकशीत अपघात ठरला. "तुमची काय चूक?" म्हणत सगळ्यांनी पाठीवरून हात फिरवला. पण बाबा मिटले ते मिटलेच. घरात दूध तापत असलं, तर पातेलं उतरेपर्यंत ते गॅसपाशी खिळून उभे राहत. जोडीदाराच्या घरी त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

"प्रकल्पासाठी तोच अपघात घेऊ का?" तिनं मॅडमना विचारलं.

"घे. पण उत्तर मनासारखं आलं नाही तर?"



सुट्टीत घरी गेल्यावर तिनं बाबांना त्या भांड्याबद्दल विचारलं. ताटं पुसणारी आई जागीच थबकली. बाबा सांगू लागले. "आधी छोटं भांडं होतं. त्यात तापमान चढायचं आणि आपसूक खाली बसायचं. मग मोठं आणलं. माल तोच, कृती तीच. त्या दिवशी तापमान चढल्याची घंटा वाजली. म्हटलं, बसेल खाली. थांबलो. मग गार पाणी पूर्ण सोडलं, पण…" 

ती परतली आणि आकडेमोडीला लागली. भांडं दुप्पट केलं की आतला माल दुप्पट होतो, पण गार करणारी भिंत काही दुप्पट होत नाही. छोट्या भांड्यात चालून जाणारं थांबणं मोठ्यात जिवावर बेतत होतं. गणित तिनं पुन्हा पुन्हा मांडलं. उत्तर हलेना.

"बाबांची चूक नव्हती, एवढंच सांग," आई फोनवर काकुळतीला आली. "इतकी शिकलीस, तेवढं जमणार नाही का?"

पण पुन्हा घरी येऊन बाबांसमोर बसल्यावर तिला खोटं बोलवेना. "बाबा, घंटा वाजल्याबरोबर पाणी सोडलं असतं, तर त्या दिवशी निभावलं असतं."

आईनं तोंडाला पदर लावला.

"पण पाणी जरा कोमट असतं, तर न थांबताही तेच झालं असतं. ते भांडं तिथं बसवायलाच नको होतं. तुम्हाला थांबायची सवय छोट्या भांड्यानं लावली. मोठं वेगळं वागेल, हे कुणी सांगितलंच नाही."

 बाबा म्हणाले, "सगळे म्हणायचे, तुझी चूक नाही. मला वाटायचं, माझी कीव करतायत. तू पहिली, जिनं खरं सांगितलं." आणि ते रडले. झाकण उडालं तेव्हाही ते रडले नव्हते.

त्याच आठवड्यात बापलेक जोडीदाराच्या घरी गेले. जोडीदाराच्या बायकोनं, वहिनींनी, दार उघडलं. बाबांनी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, आपलं थांबणंसुद्धा.

वहिनींनी ऐकून घेतलं. "चुकलात की नाही, ते मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "राग आहे तो तुम्ही इतकी वर्षं आला नाहीत त्याचा. त्यांचं शेवटचं बोलणं काय झालं, हे विचारायला मला कुणीच नव्हतं."

त्या दारातून बाजूला झाल्या. बाबांनी चपला काढल्या. आत गेल्यावर त्यांनी चांगला कान वहिनींकडे केला आणि त्या दिवशी सकाळी जोडीदार काय काय बोलला होता, ते सांगायला सुरुवात केली.